तहाचा नारळ

"बत्त्या विझवा! एकही बत्ती पेटलेली दिसता कामा नये!" इसमाल तांडेल ओरडतच आमच्या तोफेपाशी आला. "तह झालाय रे! लढाई संपली!"

बत्ती म्हणजे तोफेच्या कानाला लावायची जळती दोरी. गोलंदाजाने ती बादलीत बुडवली, फुस्स झालं, आणि माझ्या जिवात जीव आला. माझ्या शेजारच्या गोंदजीने तर बंदूक आडवी ठेवून तिथेच फतकल मारली.

"संपली म्हणजे?" तो म्हणाला. "सुरू कधी झाली होती?"

हसू नका. त्या दिवसापर्यंत आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. आम्ही कंपनी सरकारच्या आरमाराचे शिपाई, मालवणच्या वरच्या अंगाला खाडीकाठी आमचं गाव. जहाजावर पहारा करायचा, साहेब सांगेल तिकडे बंदूक रोखायची आणि महिना भरला की पगार घ्यायचा. आमचं जहाज दोन डोलकाठ्यांचं, लहानसं. लाटेवर असं डुलत चालायचं की आम्ही त्याला बदकच म्हणायचो. मुंबईहून निघून जावा बेटाच्या बाजूला, दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात आम्ही पोचलो होतो, आणि त्या दिवशी दुपार कलल्यावर समोर हे धूड येऊन उभं राहिलं. आमच्या दुप्पट लांब. तोफांची सगळी झाकणं उघडलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ.

"इंग्रजच की रे हे," मी मघाशीच पेद्रूला म्हणालो होतो. पेद्रू म्हणजे आमच्या मॉर्टन साहेबाचा गोव्याचा नोकर. त्याला इंग्रजी यायचं. "तसेच गोरे, तशीच टोपी, भाषापण तीच. मग आपल्यावर तोफा का रोखतात?"

"इंग्रज नव्हेत, अमेरिकन," पेद्रू म्हणाला. "पूर्वी एकाच घरातले. मग भांडून वेगळे निघाले. आता तीन वर्षं पुन्हा जुंपलीय."

"म्हणजे भाऊबंदकी!" विसाजी भावोजी म्हणाले. "असं सांग ना मराठीत. वाटणीचं भांडण. त्यात आपण कुठे आलो? आपला काय बांध आहे त्यांच्या शेताला?"

विसाजी भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे, येसूआक्काचे यजमान. माणूस अंगाने आडदांड आणि मनाने लेकरू. दर्याला हात जोडल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. त्यांनी पलटणीत नाव घातलं तेव्हा आक्काला सहावा महिना होता. आम्ही निघालो त्या दिवशी तिने मला गोठ्याच्या मागे ओढून नेलं. रडली नाही, काही नाही. दंडाला धरलं आणि म्हणाली, "म्हादू, ह्यांना परत घेऊन ये. तू एकटा आलास तर मी दार उघडणार नाही. भाऊ असलास तरी नाही." आमची आक्का बोलेल ते करणारी बाई. तेव्हापासून मी भावोजींच्या मागे सावलीसारखा होतो. त्यांनी ताप आला म्हटलं की मी रात्रभर त्यांच्या उशाशी बसायचो. म्हणून गोंदजी मला 'विसाजीची सासू' म्हणायचा.

हा गोंदजी आमच्याच वाडीतला, तान्हीकाकीचा एकुलता एक. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. बापाच्या माघारी काकीने दुसऱ्यांची भातं लावून त्याला वाढवला.

तर तांडेल सांगत होता. इसमाल तांडेल म्हणजे आमच्या खलाशांचा म्होरक्या, रत्नागिरीचा दर्यावर्दी, केस पांढरे झालेले. "आपला धाकटा साहेब होडीतून त्यांच्याकडे गेलाय. बरोबर तहाचा कागद आहे, पेद्रू आहे. त्यांच्या राजाने आणि आपल्या राजाने कधीच सह्या ठोकल्यात. ह्या शहाण्याला बातमीच नव्हती. कागद वाचला की जाईल आपल्या वाटेने. तोवर शांत बसायचं. कुणी बंदुकीला हात लावायचा नाही."

"आणि आपण?" भावोजींनी विचारलं.

"आपण काय, इथून पुढचं बंदर आणि मग मागे फिरायचं. मुंबई."

मुंबई म्हटल्याबरोबर भावोजींचा चेहरा असा फुलला म्हणता! "म्हादू, ऐकलंस? मूल रांगत असेल रे आता." माझ्या पाठीत त्यांनी अशी थाप मारली की मी कोलमडलोच. मीही हसत होतो. का नाही हसणार? लढाई टळली होती आणि भावोजी धडधाकट माझ्यासमोर उभे होते. तांडेल मागच्या बाजूला साहेबाकडे निघून गेला, आणि भावोजी लगबगीने आपल्या पडशीकडे.

परत आले ते हातात नारळ घेऊन. घरच्या माडाचा, शेंडी राखलेला. आक्काने बजावून दिला होता, परतीची वाट लागली की दर्याला द्या.

"अहो, अजून परतलो कुठे आपण?" मी म्हणालो. "ते धूड जाऊ दे तरी समोरून."

"तह झाला ना? मग वाट लागलीच. दर्याचं देणं थकवून ठेवू नये." त्यांनी कनवटीची पुडी सोडली. त्यात कापूर होता.

वारा भरपूर. कापूर काही पेटेना. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या तोफेच्या मागच्या अंगाला, जिथे जरा आडोसा होता, तिथे नारळ ठेवला. शेंडीशी कापूर, चकमकीने कापूस पेटवला, कापसाने कापूर. धुराची काळी रेघ आणि वर चांगली बोटभर ज्योत. संध्याकाळचं ढगाळ होतं, त्यात ती कशी लखलखली! भावोजींनी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि तोफेवरून दर्याला ओवाळला. गोंदजीने पागोटं सारखं केलं, हात जोडले. मीही जोडले. गोलंदाज पुण्याकडचा होता, त्याने पण जोडले. देवाचं काम, त्यात कोण नाही म्हणणार?

"आता टाका एकदाचा," गोंदजी म्हणाला.

"टाका? दर्या म्हणजे काय कुत्रा आहे, भाकर फेकायला?" भावोजी म्हणाले. "नारळ टाकायचा नसतो मेल्या, सोडायचा असतो. हाताने, पाण्यावर."

आणि हे आडदांड गृहस्थ एका हातात पेटता नारळ घेऊन कठडा ओलांडून बाहेर उतरले. जहाजाच्या अंगाला बाहेरून एक फळी असते, डोलकाठीचे दोर तिला आवळलेले असतात. तिथून आणखी खाली, अगदी पाण्याला हात लागेल इतके ते लोंबले. मी कठड्यावरून वाकून त्यांचा दोर धरला होता. "भावोजी, पडाल! आक्का मला जिवंत सोडायची नाही!" मी ओरडत होतो, आणि मागून गोंदजी खदाखदा हसत होता, "अरे सासूबाई, सोडा जावयाला!"

हे त्याचे शेवटचे शब्द.

आवाज मला आठवत नाही. खरं सांगतो, आठवतच नाही. एवढं आठवतं की मी उताणा पडलो होतो आणि तोंडात लाकडाचा भुसा होता. ज्या कठड्यावर मी वाकलो होतो तो तिथे नव्हताच. मी उठून बसलो. आमची तोफ एका कुशीवर कलंडली होती. गोलंदाज तिच्याखाली होता. आणि गोंदजी बसला होता, तसाच पाय पसरून. मी त्याला म्हणालो, "ऊठ रे, काय झालं?" त्याच्या खांद्याला हात लावला तर तो माझ्या अंगावर कलला, आणि मग मला दिसलं की त्याला छातीच राहिली नव्हती.

तह झाला होता हो! बत्त्या विझल्या होत्या! मी तेच बडबडत होतो. "अरे तह झालाय, तह झालाय," दोन्ही हात वर करून मी त्या जहाजाकडे बघून ओरडत होतो, मराठीत. दुसऱ्यांदा तोफा उडाल्या तेव्हा इसमाल तांडेलाने मला पायाला धरून खाली ओढलं. आमच्या दोन-तीन तोफा कशाबशा उडाल्या. मॉर्टन साहेबाच्या गुडघ्याचा चुरा झाला. पडल्यापडल्याच त्याने झेंडा उतरवायला सांगितलं, आणि मग सगळं थांबलं. माणूस जेवून हात धुवेल इतक्यात होत्याचं नव्हतं झालं.

भावोजी. मला एकदम भावोजी आठवले. मी मोडक्या फळ्यांवरून सरपटत काठाला गेलो, खाली पाहायचा धीर होईना. आक्का दार उघडणार नाही, एवढंच डोक्यात. तेवढ्यात खालून एक ओला हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"नारळ छान सुटला रे," भावोजी धापा टाकत वर येत म्हणाले. "नीट तरंगत गेला. कसला आवाज होता?"

अंगावर ओरखडा नाही. सगळे गोळे त्यांच्या डोक्यावरून गेले होते. मग त्यांनी वर पाहिलं. गोंदजीला पाहिलं. माझे भावोजी माझा दंड धरून विचारायला लागले, "का रे? पण का? तह झाला होता ना? म्हादू, का मारलं?" मला काय ठाऊक! मी त्यांना मिठी मारली आणि हंबरडा फोडला. गोंदजी समोर पडला होता आणि मला आनंद होत होता. असा आनंद कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दुसऱ्या दिवशी ती अमेरिकन माणसं आमच्या जहाजावर चढली. मला वाटलं, आता आम्हाला बेड्या. तर कसल्या बेड्या! त्यांचा वैद्य आमच्या माणसांच्या जखमा बांधू लागला. त्यांच्या कप्तानाने आमच्या साहेबाच्या उशाशी उभं राहून टोपी काढली. काही बोलला. तांडेलाला कामापुरतं इंग्रजी कळायचं. त्याने सांगितलं, "म्हणतो, तह खरा आहे, माझी खात्री पटली. जहाज तुमचं तुम्हाला परत. झालं ते वाईट झालं." एवढंच. पायावर पाय पडला तर माणूस याहून जास्त बोलतो. आम्ही गोंदजीला आणि इतरांना कापडात बांधून दर्यात सोडलं, तेव्हा त्यांचे खलाशीही टोप्या काढून उभे होते. त्यातला एक, लाल केसांचा, चांगला बाप्या, रडत होता. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

मॉर्टन साहेबाने झोपल्याझोपल्या एकेकाला बोलावून विचारलं, "कुणी बत्ती पेटवली होती?" सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, नाही. भावोजींनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, देवाशपथ, बत्ती बादलीत होती. मी तिथेच होतो." आणि ते खरंच होतं. त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. माझ्याही नाही.

पेद्रू त्यांच्या जहाजावरून परत आला तो पार उतरलेला. संध्याकाळी मी पाण्याच्या पिंपापाशी उभा होतो तिथे तो आला. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाला, "म्हादू, तुमच्या तोफेवर काय पेटलं होतं?"

"काय पेटणार? बत्ती विझवली होती."

"मी तिथे होतो रे. कप्तानाच्या हातात कागद होता. त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. आमच्या धाकट्या साहेबाला खुर्ची द्यायला सांगितली. मी म्हटलं, झालं, मिटलं. त्याने एकच सांगून ठेवलं होतं सगळ्यांना, समोर कुठे बत्ती दिसली तर हे बोलणं म्हणजे दगा समजायचा. आणि वरून त्यांचा माणूस ओरडला, 'तोफेवर आग! बत्ती पेटवली!' मी पण पाहिली म्हादू. तुमच्याच तोफेवर. कुणीतरी हातात घेऊन इकडून तिकडे नेत होतं." पेद्रूने ओठ चावला. "कप्तानाने कागद माझ्या तोंडावर फेकला. काय होतं ते?"

ती बत्ती नव्हती, कापूर होता.

आरती होती, पेद्रू. भावोजी तहाबद्दल दर्याला ओवाळत होते.

हे मी मोठ्याने बोललो असेन, कारण पेद्रूने कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि तो मटकन खाली बसला. मी त्याची बंडी धरून त्याला उभा केला. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"सांगायचं पण नाही. साहेबाला नाही, तांडेलाला नाही. आणि भावोजींच्या कानावर गेलं ना, तर ते त्याच दोराने गळफास घेतील, आणि मग मी तुला सोडणार नाही. समजलं?"

"मी कशाला सांगू, बाबा?" पेद्रू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "देवाला हात जोडला म्हणून माणसं मेली, असं कुणाला सांगायचं असतं का?"

पेद्रूने शब्द पाळला. पुढे पाच वर्षांनी पणजीला पटकीने गेला. भावोजी गेल्या शिमग्याआधी गेले, चांगले म्हातारे होऊन, नातवंडांच्या मांडीवर. म्हणून आज तोंड उघडतोय.

परतीच्या वाटेवर भावोजी आधी बोलेनात, जेवेनात. मग एक दिवस अचानक म्हणाले, "म्हादू, मला कळलं. गोंदजी गेला, गोलंदाज गेला आणि मी वाचलो. का? मी दर्याला नारळ सोडायला खाली उतरलो म्हणून. दर्याने मला ओढून घेतलं रे, पोटाशी धरलं." आणि त्या दिवसापासून ते जेवायला लागले. मी काय बोलणार? जेवत होते ना? घरी पोचायचं होतं ना?

आणि पोचलो. होडीतून उतरलो तेव्हा सगळी वाडी काठावर होती. आक्का उंबऱ्याबाहेर उभी, कडेवर पोरगी. तिने भावोजींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि मग माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. माझ्या बहिणीने त्या एका मान हलवण्यात सगळं फेडलं. मला वाटलं, सुटलो.

तान्हीकाकी दुपारी आली. बातमी तिला मुंबईहून आधीच कळली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. ती अंगणात बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "विसाजी, कसा गेला रे माझा? नीट सांग."

भावोजींनी सगळं सांगितलं. तह, नारळ, कापूर, दोर, सगळं. वाडीची माणसं जमली होती, कुणी हात जोडत होतं, कुणी 'दर्या सांभाळतो बाबा' म्हणत होतं. काकी पापणी न हलवता ऐकत होती.

"म्हणजे नारळामुळे वाचलास," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खरं का रे म्हादू? तू होतास ना?"

"होय काकी," मी म्हणालो. "नारळामुळेच वाचले." आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग माझ्या पोराच्या नावाने एखादा नव्हता का रे तुमच्याकडे?"

भावोजी खाली बघायला लागले. "होता काकी. तुम्हीच त्याच्या पडशीत घातला होतात ना? पण वाटेत त्याने तो फोडला. खोबऱ्याची तलफ आली म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला."

काकी कपाळाला हात लावून म्हणाली, "खादाडच मेला. लहानपणापासून. दर्याच्या तोंडचं खाल्लं, दर्याने ठेवून घेतला."

मला ते ऐकवेना. आई होती हो ती! आता उरलेला जन्म ती आपल्या मेलेल्या पोराला दोष देत काढणार होती, एका नारळासाठी.

"नाही काकी!" मी ओरडलोच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "त्याचा काही दोष नव्हता! नारळ खाल्ल्याने कुणी मरत नाही!"

"मग कुणाचा रे दोष?"

आक्का भावोजींच्या मागे उभी होती. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. पोरगी भावोजींच्या मिशीला लोंबत होती आणि ते ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते, मी काय सांगतो ते ऐकायला.

"अमेरिकनांचा, काकी," मी म्हणालो. "त्यांनी मारलं."

काकीने तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला. तिला तो नीट म्हणता येईना.

"कोण रे ही माणसं?" तिने विचारलं. "आम्ही त्यांचं काय वाकडं केलं होतं?"